पांडवांची पलटण

अमरावतीच्या वडाळीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 9 आहे. म्हणजे इमारती तिथेच आहेत. माणसं म्हणाल तर कोणी गडचिरोलीत, कोणी नागपूरच्या अधिवेशनाला, कोणी कुठल्याशा मिरवणुकीच्या मागे. नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावती दंगलीत पेटली, मे 2023 मध्ये अकोल्याचं जुनं शहर. दोन्ही वेळा लोकांनी दारं लावून घेतली आणि चौकात उभे राहिले ते राखीव दलाचे जवान. अकोल्याच्या मे महिन्यात हेल्मेट घालून उभं राहणं काय चीज आहे, हे पाहायचं असेल तर राजेहो, दुपारी दोनला डोक्यावर पातेलं घालून गांधी रोडवर या.

नेतृत्वाची मात्र टंचाई नाही. गटाची कंपनी गेटबाहेर पडली की वडाळीचा कॅम्प म्हणतो, आता ती जिल्ह्याची. जिल्हा म्हणतो, माणसं गटाची, आम्ही फक्त काम घेतो. ठाणेदार म्हणतो, मुक्कामाला शाळा उघडून दिली ना, अजून काय पाहिजे? म्हणजे शिस्त वडाळीची, ड्युटी अकोल्याची आणि डास झेडपीच्या शाळेचे! हुकूम तिन्हीकडून वेळेवर येतो. जेवणाचा डबा येत नाही, कारण तो कोणाच्याच हद्दीत बसत नाही.

कंटाळून जिल्हा पोलिसांत बदली मागावी, तर आधी 15 वर्षं इथे काढायची अट होती. रामापेक्षा एक वर्ष जास्त. सरकारला दया आली, अट 12 वर्षांवर आली. आता हिशेब पांडवांच्या वनवासाइतका झाला. फक्त इथे अज्ञातवास त्यातच धरलेला आहे. पुढचा मुक्काम कुठे, हे घरच्यांना गाडी निघाल्यावर कळतं.

मग संघटना करा? पोलिसांच्या हक्कांवर बंधनं घालणारा 1966 चा केंद्राचा कायदा आडवा येतो. मुंबईच्या शिपायांनी 1982 मध्ये आवाज केला, तर सरकारने त्यांच्या संघटनेची मान्यताच काढून घेतली. उरतो समादेशक साहेबांचा दरबार. तिथे साहेबांबद्दलची तक्रार साहेबांसमोरच, सावधान स्थितीत करायची. तक्रारी कमी का येतात, याचं साहेबांना खरंच नवल वाटतं बाप्पा!

समादेशक साहेब, पुढच्या दरबारात जवानांनी विचारायची वाट पाहू नका. तुम्हीच सांगा: कंपनी बाहेर गेली की तिच्या जेवणाखाणाची अन् झोपायच्या जागेची जबाबदारी कोणाच्या सहीनं? नाव आणि हुद्दा, दोन्ही सूचना फलकावर लावा.