उत्तरचाचणीवाले गुरुजी

शाळांच्या प्रत्येक केंद्रात एक गुरुजी असे असतात, की त्यांच्या वर्गात काही नुसतं घडत नाही. ते समस्या म्हणून निवडलं जातं. पोरं पाटी विसरली की बाकीचे मास्तर ओरडतात. हे मथळा करतात: ‘इयत्ता तिसरीतील विद्यार्थ्यांच्या पाटी विसरण्याच्या कारणांचा शोध घेऊन उपाययोजना करणे’. वर्गाचं छत गळू लागलं, तर बादली आणायच्या आधी हे गृहीतकं मांडतील.

शिक्षण परिषदेला ते कृतिसंशोधनाच्या अहवालाचं स्पायरल बाइंडिंग बगलेत मारूनच येतात. त्यात ऋणनिर्देश दोन पानं. केंद्रप्रमुखांपासून सौभाग्यवतींपर्यंत सगळे त्यात असतात; पोरं तेवढी नसतात. मग पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी. पूर्वचाचणीची सरासरी दहापैकी चार, उत्तरचाचणीची आठ. वर्ग बदलतो, विषय बदलतो, मराठीच्या जोडाक्षरांवरून गाडी परसबागेवर जाते, पण चाराचे आठ व्हायचं काही चुकत नाही. शेवटची शिफारस कायम: ‘सदर उपक्रम इतर शाळांनीही राबवावा.’

तिसऱ्या पानावर कर्ट लेविन असतोच. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या या मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली कृतिसंशोधनावर लेख लिहिला, तो अल्पसंख्याकांच्या प्रश्नांसंबंधी. गुरुजींच्या अहवालात बिचारा ऱ्हस्व-दीर्घाला जुंपलेला असतो. योजना करा, कृती करा, काय झालं ते तपासा आणि त्यावरून योजना पुन्हा आखा, असं त्याचं चक्र. गुरुजींचं चक्र पहिल्याच फेरीत झेरॉक्सच्या दुकानापाशी थांबतं. लेविननंतर येतो स्टीफन कोरी, १९५३. आपल्या वर्गातली अडचण शिक्षकाने स्वतःच तपासावी, तज्ज्ञाची वाट पाहत बसू नये, असं सांगणारा. हे वाक्य गुरुजी प्रत्येक अहवालात, तज्ज्ञ मार्गदर्शकांच्या सहीखाली, न चुकता देतात.

त्यांचा मेहुणा चाकणच्या कारखान्यात आहे. तिथे काइझेनच्या, म्हणजे सतत छोट्या-छोट्या सुधारणा करत राहण्याच्या, पाट्या लागतात, त्यामुळे दोघांचं छान जमतं. एका दिवाळीत गुरुजींनी त्याला अमेरिकेतल्या हारवुड पायजमा कारखान्याची गोष्ट सांगितली. कामाची पद्धत बदलताना ज्या कामगारांना चर्चेत घेतलं, त्यांचं उत्पादन लवकर सावरलं; ज्यांना नुसता हुकूम मिळाला, त्यांचं ढेपाळलं ते ढेपाळलंच. १९४८ साली हे छापूनही आलं. मेहुण्याने करंजी तोंडात टाकली आणि विचारलं, “मग दाजी, तुम्ही पोरांना विचारता का?”

“प्रश्नावली असते ना,” गुरुजी म्हणाले. “परिशिष्ट ब.”

आता एवढं ऐकून माणूस बनेल वाटेल. तो तसा नाही, हीच पंचाईत आहे. एकदा एका मुलीने ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिलं. गुरुजी तिच्याशेजारी सतरंजीवर उकिडवे बसले. “कसं केलंस गं?”

“दोनातून सात जात नाहीत. म्हणून सातातून दोन काढले.”

गुरुजींचा चेहरा खुलला. चूक होती, पण तिला चोख नियम होता. त्यांनी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे काढले, एक गठ्ठा तिलाच सोडायला लावला. दुसऱ्या दिवशी ६२ वजा ३८ दिलं, तर उत्तर ३४! गठ्ठा सोडला होता, बारातून आठ नीट गेले होते, पण दशकांच्या घरात सहा गठ्ठे तसेच. म्हणजे उपाय अर्धाच लागू पडला. गुरुजी मधल्या सुट्टीत डबा तसाच ठेवून विचार करत बसले. मग गठ्ठा सोडला की पाटीवरचा सहा आधी खोडायचा, त्यावर पाच लिहायचा आणि मगच काड्या मोजायच्या, असं ठरवलं. आठवडाअखेरीस पोरगी शेजारणीला शिकवत होती.

मी म्हटलं, “गुरुजी, हे लिहून काढा की! लेविनचं चक्र दोनदा फिरलं.”

“ह्यात लिहिण्यासारखं काय आहे?” ते खरंच गोंधळले. “नमुना एक. पूर्वचाचणी घेतलेली नाही. आणि पहिला उपाय फसला असं लिहिलं, तर प्रमाणपत्र कोण देईल?”

मग त्यांनी पिशवीतून परसबागेच्या अहवालाचा कच्चा खर्डा काढला, तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “या वेळी साडेआठ केली, तर फार वाटेल का हो?”