मूळपुरुष

मूळपुरुष तुमच्याही सोसायटीत असणारच. आमचा बंगळूरच्या एचएसआर लेआउटात राहतो, पन्नाशीला टेकलाय, सांगलीचा आहे. कुठलीही गोष्ट समोर आली की ती आधी कशी होती हे सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. सत्ताविसाव्या मेनवर नवं डोशाचं दुकान निघालं, तर "मूळ डोसा बसवनगुडीत." सिल्क बोर्डाच्या चौकात पाऊण तास अडकलो, तर "मूळ सिल्क बोर्डाला ही गर्दी नव्हती हो." एकदा अगरा तलावाकाठी बसलेल्या एका म्हाताऱ्याला त्याने, मूळ एचएसआर म्हणजे नुसती शेतं होती, असं हिंदीतून समजावून सांगितलं. शेतं त्या म्हाताऱ्याच्या बापाची होती. म्हाताऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बंगळूरचे लोक सोशिक.

गाण्यांचा विषय निघाला तर पळ काढावा. २००३ साली पॅलेस ग्राउंड्सवर रोलिंग स्टोन्स आले होते, तेव्हा हा गर्दीत होता. समोर साक्षात मिक जॅगर नाचतोय, आणि हा शेजारच्याला सांगतोय, "मूळ स्टोन्समध्ये ब्रायन जोन्स होता." ब्रायन जोन्स १९६९ सालीच वारला. त्याला आता कुठून आणायचा?

पण त्याचं खरं दैवत लकी अली. १९९६ची 'सुनो' ही कॅसेट त्याने कॉलेजात असताना विकत घेतली आणि तिथेच त्याचं घड्याळ थांबलं. (सीडी आल्या आणि गेल्या, याने त्यांची दखल घेतली नाही.) त्यातलं 'ओ सनम' हा माणूस वाढदिवस, गणपती, सोसायटीची वार्षिक सभा, कुठेही म्हणतो. बरं म्हणतो, तेही कबूल. फक्त मधेच एका ठिकाणी थांबतो, बायकी आवाजात "अरे, गॅस बंद कर!" असं ओरडतो, आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात पुढची ओळ उचलतो. आम्ही पहिल्यांदा हसलो. पुढे पुढे त्या जागी सगळे मान खाली घालून समोसा खाऊ लागले. मी एकदा फोनवर गाणं लावून दाखवलं की इथे शब्द आहेत, चांगले शब्द आहेत. तर म्हणाला, "असतील. मूळ कॅसेटमध्ये नाहीत."

लकी अली आता बंगळूरकरच झालाय, येलहंक्याच्या बाजूला राहतो. तो शहरात गाणार म्हटल्यावर मूळपुरुषाने आमच्याही तिकिटांचे पैसे परस्पर भरून टाकले आणि मग आठवडाभर रोज मागितले.

मैदानात पाहतो तर निम्मी गर्दी विशी-बाविशीची. २०२०मध्ये गोव्यात, हरमलला, लकी अली गिटार घेऊन हेच गाणं म्हणत बसला होता. तो व्हिडिओ फोनाफोनांतून फिरला आणि या पोरांना गाणं सापडलं. मूळपुरुषाला हा उघड अन्याय वाटला. "यांचा जन्म तरी झाला होता का?" असं तो बिअरच्या रांगेत, मनगटावरचा कागदी पट्टा खाजवत, मोठ्याने विचारत होता.

तो पुढे सरकल्यावर त्याची बायको, आमच्या वहिनी, हळूच म्हणाल्या, "ते 'गॅस बंद कर' आहे ना, सासूबाईंचा आवाज आहे तो."

विकतच्या कॅसेटची वरची खिट्टी मोडलेली असते, म्हणजे तिच्यावर चुकून काही रेकॉर्ड होऊ नये. त्या भोकात कागदाचा बोळा कोंबला की होतं. आपल्या हिरोने तो कोंबला, लकी अलीच्या जागी स्वतःचा आवाज भरायचा म्हणून टू-इन-वनची दोन बटणं एकदम दाबली, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईने आरोळी ठोकली. त्याने घाबरून स्टॉपचं बटण दाबलं. "फोटो आहेत हो पुष्कळ," वहिनी म्हणाल्या, "आवाज तेवढाच."

एवढं कळल्यावर माणसाचा नीट रागही करता येत नाही, हे वाईट. खरं तर मला त्याच्यावर रागवायला आवडायचं.

शेवटी 'ओ सनम' आलं. गायकाचा आवाज आता थोडा खाली उतरलेला, थकलेला आणि त्यामुळेच जास्त गोड. हजारो पोरं सोबत गाऊ लागली, एकही शब्द न चुकता. ती जागा जवळ आली. मी मुद्दाम स्टेजकडे पाहत राहिलो. सगळं मैदान खरे शब्द म्हणत असताना माझ्या उजव्या कानाशी खणखणीत ऐकू आलं, "अरे, गॅस बंद कर!"

पुढच्या रांगेतली पोरं वळली. कोणी केरळचं, कोणी पाटण्याचं, त्यांना वाटलं ही जुन्या चाहत्यांची काहीतरी रीत असावी. पुढचं कडवं आलं आणि आठ-दहा जणांनी मुठी उंचावून, जमेल तशा मराठीत, एका सुरात आरोळी दिली, "अरे, गॅस बंद कर!"

मूळपुरुषाने डोळे पुसले, चष्मा चढवला आणि पुढे वाकून त्यातल्या एकाच्या खांद्यावर टकटक केलं.

"इथे नाही रे. मूळ कॅसेटमध्ये एकदाच आहे."