खोपटात राहून इटलीचा आस्वाद कसा घ्यावा

इटालियन जेवण म्हणजे भरपूर चीज, वर ओरेगॅनोची पुडी आणि शेजारी टोमॅटो सॉसची बाटली, अशी समजूत ठाण्यातल्या खोपटपासून डोंबिवलीपर्यंत घट्ट रुजली आहे. साधकाने ती आधी सोडावी. चीज कुठल्याही दुकानात मिळते. इटालियन माणसाचा खरा ऐवज आहे तो हट्ट: पदार्थ असाच करायचा, आमच्याच गावचा खरा, शेजारच्या गावाला त्यातले ओ की ठो कळत नाही! बोलोन्याचे उदाहरण घ्या. १९८२ च्या ऑक्टोबरात तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये मांसाच्या रागूची पाककृती रीतसर दाखल झाली. त्याआधी १९७२ मध्ये टाल्यातेल्ले नावाच्या पट्टीदार पास्त्याची रुंदी शिजल्यावर आठ मिलिमीटर भरली पाहिजे, हेही तिथेच नोंदवले गेले, आणि नमुना म्हणून सोन्याची एक पट्टी जपून ठेवली आहे. आपल्याकडे जमिनीचा सातबारा असतो, त्यांच्याकडे शेवयांचा.

हे वाचून वाचकाने खचू नये. हट्ट आपल्याकडेही उदंड आहे, फक्त तो ऐन वेळी रजेवर जातो. मोदकाला कळ्या किती, पुरणात गूळ की साखर, यावरून ज्या घरात सासू-सुनांचा अबोला होतो, त्याच घरात रविवारी पास्त्यात गाजर, फरसबी, मक्याचे दाणे, मैदा-दुधाचा पांढरा सॉस आणि शेवटी ‘चवच येत नाहीये’ म्हणून मॅगी मसाला पडतो, आणि कोणी हूं की चूं करत नाही. म्हणून पहिला धडा वजाबाकीचा. रोमच्या ‘काचो ए पेपे’त पास्ता, पेकोरिनो चीज आणि मिरी एवढेच असते, सॉस मिळून येतो तो पास्ता शिजवलेल्या पिठूळ पाण्यामुळे. ‘आल्यो ए ओल्यो’त लसूण, ऑलिव्हचे तेल आणि सुकी मिरची. पास्ता दाताला किंचित लागेल इतपतच शिजवावा. ज्यांना तो गिचका आवडतो त्यांनी मऊ खिचडी करावी, तीही उत्तमच असते.

हात बसवायचा असेल तर परदेशी यंत्र मागवण्याआधी घरातल्या आजीकडे गव्हले शिकावेत. रव्याचे घट्ट पीठ डाव्या हातात धरायचे आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने व तर्जनीने गव्हाच्या दाण्याएवढे तुकडे वळून ताटात टाकत राहायचे. नखाने दाबले की नखुल्या. आजी हे काम गप्पा मारता मारता, ताटाकडे न बघता करते. इटलीच्या दक्षिणेला बारी शहराच्या जुन्या गल्ल्यांत बायका दारात टेबल मांडून ओरेक्येत्ते वळतात. पिठाचा तुकडा सुरीने ओढतात आणि अंगठ्यावर उलटा करतात. ते बघायला जगभरचे पर्यटक जातात. आपल्या नखुल्या लग्नाच्या रुखवतात ठेवल्या जातात, आणि तिकडे फिरकतात फक्त मुंग्या. जुन्नर-नगरकडचे कुळथाचे शेंगोळे लसणाच्या रश्श्यात उकळतात, तो तर उघड उघड पास्ताच आहे. त्याला हॉटेलच्या मेनूत चारशे रुपये लावायची हिंमत अजून कोणी केलेली नाही, इतकेच.

इथे चिकित्सक वाचक आडवा येईल. म्हणेल, इटलीची शुद्धता हाच मुळात बनाव आहे. ज्या टोमॅटोवर एवढा तोरा, तो अमेरिकेतून आलेला पाहुणा. आक्षेप खरा आहे. इटलीत टोमॅटोची पहिली नोंद सापडते ती १५४८ ची, पिसाला ड्यूकच्या घरी पोचलेल्या एका टोपलीची, आणि पुढे कितीतरी काळ तो ताटाऐवजी बागेतच मिरवला. पण मग बटाटेवड्यातला बटाटा आणि मिरची कुठून आली? दोन्ही त्याच अमेरिकेतून. म्हणून वड्यावरचा आपला हक्क कमी होत नाही. हट्टाला पुरातनपणा लागत नाही, दोन-तीन पिढ्यांची भांडणे पुरतात. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या ज्या बैठकीत युनेस्कोने इटालियन पाककलेला वारशाच्या यादीत घेतले, तिथेच आपली दिवाळीही घेतली. तेव्हा चकली आणि पास्ता आता एकाच पायरीवर आहेत.

दुसरा आक्षेप प्रवासाचा: तिकडे गेल्याशिवाय गोडी काय कळणार? साधकाने लक्षात घ्यावे की इटालियन लोक सातशे वर्षांपूर्वीच ठाण्याला येऊन गेले आहेत, तेव्हा परतभेटीची घाई नाही. मार्को पोलोच्या ग्रंथात ठाण्याच्या राज्यावर स्वतंत्र मजकूर आहे. १३२१ नंतर लवकरच इथे आलेल्या पोर्देनोनेच्या ओदोरिकने लिहून ठेवले की इथले उंदीर कुत्र्याएवढे, मांजरांना ते आवरत नाहीत. निरीक्षण अजून जुने झालेले नाही. बाकी इटलीचे रोजचे सुख ते काय? उभ्याने घेतलेली चिमूटभर कॉफी, आणि संध्याकाळी बरे कपडे घालून चौकात निरुद्देश फेरी. खोपटच्या एसटी स्थानकाबाहेर कटिंग उभ्यानेच मिळतो आणि तलावपाळी चालत गाठता येते. फेरी मारताना मोबाइल खिशात ठेवावा, एवढी एकच इटालियन अट पाळावी.

राहता राहिली वाइन. कियान्तीच्या द्राक्षमळ्यांची हद्द १७१६ मध्ये तोस्कानाच्या ड्यूकने फर्मान काढून ठरवली. त्या वाइनचे मुख्य द्राक्ष सांज्योव्हेजे. ते आता सोलापूर जिल्ह्यात अकलूजला, उसाच्या शेजारी पिकते. तिथल्या फ्रातेल्ली वाइन्समध्ये इटलीचे सेच्ची बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू भागीदार, आणि वाइन घडवायला तोस्कानाचे प्येरो मासी. हे द्राक्ष अंगचेच आंबटसर असल्याने टोमॅटोशी त्याचे जमते. मिसळीशी मात्र जमत नाही, कारण तिखटाने मद्य आणखी जळजळते; तिथे ताकच घ्यावे. सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा जानेवारी २०२२ चा राज्य सरकारचा निर्णय विरोधामुळे बारगळला, म्हणून बाटली वाइन शॉपमधूनच आणावी. आणि १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे, तेव्हा आधी परवाना काढावा. तो एका दिवसाचाही मिळतो.