लाटांच्या बोलीतील कच्चे लिंबू

सर्फिंग या खेळाचा शब्दसंग्रह तपासू लागलेल्या अभ्यासकाच्या प्रथम ध्यानात येते ती गोष्ट अशी, की फळीवर नीट उभे राहण्यासाठी या बोलीत जेमतेम शब्द आहेत, आणि पडण्यासाठी, आपटण्यासाठी व नवख्याला हिणवण्यासाठी मात्र कोठार भरलेले आहे. हा खेळ ज्यांनी वाढवला त्या हवाई बेटांवरील लोकांची परिभाषा भारदस्त होती. खेळाला ते ‘हेए नालू’ म्हणत. ‘हेए’ म्हणजे घसरणे, ‘नालू’ म्हणजे लाट, आणि ‘नालू’चा दुसरा अर्थ विचारात गढून जाणे असाही होतो. ‘ओलो’ नावाची लांबलचक फळी सरदारांच्या मानाची, तर ‘अलाइआ’ ही त्याहून आखूड. खोचकपणा आला तो पुढे, विसाव्या शतकात, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर. आणि तिथल्या मालिबूची ही बोली १९५९ सालच्या ‘गिजेट’ या चित्रपटाने समुद्राचे तोंडही न पाहिलेल्या पोरांच्या तोंडी बसवली. त्यातून गाडीच्या टपावर फळी बांधून किनाऱ्यावर मिरवणारा, पण घोट्यापर्यंतही ओला न होणारा जो शेंदाड शिपाई निपजला, त्याला ‘होडॅड’ हे नाव मिळाले.

होडॅड निदान कोरडा तरी राहतो. पाण्यात उतरण्याचे धाडस करणाऱ्या नवख्याच्या वाट्याला ‘कूक’ ही पदवी येते. हा शब्द मराठीतल्या कच्च्या लिंबाच्या जवळचा वाटेल, परंतु दोहोंत एक मूलभूत फरक आहे: कच्च्या लिंबाला खेळात सवलत असते, कूकला ती नसते. त्याची लक्षणे किनाऱ्यावरच ओळखू येतात. फळीवर पाय निसटू नयेत म्हणून तिच्या वरच्या अंगाला मेण घासायचे असते, ते तो मन लावून खालच्या अंगाला घासतो. पाण्यात ऊब देणाऱ्या रबरी पोशाखाची पाठीवरची चेन त्याच्या छातीवर येते. आणि फळीची दोरी, जिला ‘लीश’ म्हणतात व जी मागच्या पायाला बांधायची असते, ती तो पुढच्या पायाला बांधतो. पुढचा पाय कोणता, हाही प्रश्न असतोच: डावा पुढे ठेवणारा ‘रेग्युलर’, उजवा पुढे ठेवणारा ‘गूफी’, आणि दोन्ही आलटून पालटून पुढे ठेवून पाहणाऱ्यासाठी वेगळा शब्द नाही, कारण तो कूकमध्येच जमा आहे. लीशचीही गंमत अशी, की १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ती आली तेव्हा मुरलेल्या मंडळींनी तिला ‘कूक कॉर्ड’ म्हणून नाके मुरडली. सुरुवातीची दोरी ताणली जाणारी असल्याने निसटलेली फळी गोफणीच्या दगडासारखी मालकाकडेच परत येई, आणि तो रबरी पोशाख विकणाऱ्या जॅक ओनील यांना १९७१ मध्ये अशाच प्रसंगी डावा डोळा गमवावा लागला. आज मात्र नाके मुरडणाऱ्यांचे वारसही ती निमूटपणे बांधतात.

समुद्राची परिभाषा तुलनेने सभ्य आहे. लाटा एकेकट्या न येता घोळक्याने येतात, त्या घोळक्याला ‘सेट’ म्हणतात. त्यांची वाट पाहत फळीवर बसण्याची जागा ती ‘लाइनअप’. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीचे पाणी उरले की लाट फुटते, आणि ती जिथे फुटते त्या ‘इम्पॅक्ट झोन’मध्येच नवखा दम खायला थांबतो. ‘ऑफशोअर’ म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा, ज्याला मराठी शाळकरी मुले मतलई वारा म्हणून पाठ करतात. तो येणाऱ्या लाटेची भिंत सावरून धरतो, म्हणून सर्फर त्याच्यासाठी पहाटे उठतात, तर खारा वारा सुटला की पाण्याचा नुसता काला होतो. लाट मोजण्याची हवाई पद्धत मात्र आणेवारी लावणाऱ्यालाही शिकवणी घ्यायला लावील अशी आहे. तिथे लाट मागच्या बाजूने मोजण्याचा रिवाज असल्याने समोरून चार फूट दिसणारी लाट ‘दोन फूट’ ठरते, आणि दोन फूट ऐकून गुडघ्याची तयारी ठेवणाऱ्याच्या छातीवर पाणी येऊन आदळते.

लाटेवर हक्क कुणाचा, याचाही कायदा आहे. लाट जिथून फुटायला लागते त्या टोकाच्या सर्वांत जवळ जो असेल, तिच्यावर त्याचा हक्क. त्याच्या पुढ्यात मध्येच घुसण्याला ‘ड्रॉप इन’ म्हणतात, आणि वळसा घालून त्याच्याही आतल्या बाजूला जाऊन बसण्याला ‘स्नेक’ करणे. आयत्या बिळावरचा नागोबा कॅलिफोर्नियातही सापच निघावा, हा भाषाशास्त्राच्या दृष्टीने सुखद योगायोग होय.

पडण्याचे प्रकार बारकाईने वेगळे केलेले आहेत. फळीचे नाक पाण्यात घुसून स्वार पुढे फेकला जातो ते ‘पर्लिंग’, कारण मोत्यासाठी बुडी मारणाराही असाच तोंडघशी जातो, फक्त स्वेच्छेने. फुटत्या लाटेच्या कड्यावरून पाण्यासकट कोसळणे ते ‘ओव्हर द फॉल्स’. आणि त्यानंतर आत ज्या गटांगळ्या खाव्या लागतात त्यांना ‘वॉशिंग मशीन’ म्हणतात, ज्यातून बाहेर येणारा धुतलेला असतो, पण वाळूसह. मार्क ट्वेन यांनी १८६६ मध्ये हवाईत हा प्रयोग केला तेव्हा फळी व्यवस्थित किनाऱ्याला लागली आणि लेखक तळाला. जॅक लंडन १९०७ मध्ये वाइकीकीला चिकाटीने लाटांशी झुंजले आणि पाठ उन्हाने भाजून अंथरुणाला खिळले. ट्वेन हात टेकून मोकळे झाले, तर लंडन यांनी पडल्या पडल्या या खेळावर लेख लिहिला. नवख्यांचे हेच दोन पंथ आजही टिकून आहेत.

दुसऱ्या पंथातील माणूस एखादी लाट चुकून साधली की ‘स्टोक्ड’ होतो, म्हणजे भट्टीत कोळसा घातल्यासारखा पेटतो, आणि अंगठा व करंगळी ताठ, मधली तीन बोटे मिटलेली, अशी ‘शाका’ नावाची मुद्रा दाखवू लागतो. २०२४ साली हवाई राज्याने या मुद्रेला अधिकृत राज्यखुणेचा दर्जा दिला. मात्र ती फेसातून दोन हात घसरल्याबद्दल दाखवावी की नाही, याचा खुलासा जाणकारांच्या भुवयांवरून होतो.

कूकचे स्मारकही आहे. सॅन डिएगोच्या उत्तरेस कार्डिफ येथे २००७ साली एका सर्फरचा कांस्यपुतळा बसवण्यात आला, ज्याचे अधिकृत नाव ‘मॅजिक कार्पेट राइड’ असे आहे. गावातल्या सर्फरांनी त्याचे वेडेवाकडे हात आणि नाजूक मनगटे पाहिली, आणि तेव्हापासून तो ‘कार्डिफ कूक’ झाला. लोक रात्री येऊन त्याला सोंगे चढवतात. २०१० मध्ये तर त्याला गिळायला निघालेला कागदाच्या लगद्याचा भलामोठा शार्क सकाळी उभा दिसला. पुतळ्याने तोल जाऊ दिला नाही.