खरमासातला सांता

डिसेंबरच्या मध्यावर सूर्य धनु राशीत शिरला की जबलपुरात खरमास लागतो. लग्नं आता थेट मकरसंक्रांतीनंतर. साडीवाले, सराफ, बँडवाले, सगळ्यांचे गल्ले गार. नेमका याच मुहूर्तावर, म्हणजे मुहूर्त नसण्याच्या मुहूर्तावर, सांताक्लॉज अवतरतो. दुकानोदुकानी कापसाच्या दाढ्या डुलू लागतात. पंचांगाने घरी बसवलेलं गिऱ्हाईक नाताळाने ओढून आणायचं, याहून मोठा सर्वधर्मसमभाव कोणता? ज्यांचा सण आहे ती मंडळी शहराच्या सदर भागातल्या चर्चमध्ये प्रार्थनेला जातात. 'फ्लॅट पन्नास टक्के'ची घाई बाकीच्यांनाच.

अर्थात सांताला कामाला जुंपणारे आपण पहिले नव्हेत. 1939 साली शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड कंपनीने आपल्याच जाहिरात-लेखकाकडून, रॉबर्ट मे याच्याकडून, नाताळची एक गोष्ट लिहून घेतली आणि मुलांना तिच्या सुमारे 24 लाख प्रती फुकट वाटल्या. सांताची गाडी ओढणारा लाल नाकाचा रेनडिअर रुडॉल्फ तो याच गोष्टीतला. गोष्ट मुलांना, बिल आईबापांना! पण निदान गोष्ट तरी होती. आमच्याकडे ई-रिक्षाच्या पाठीवर सांता, त्याच्या पोटावर मोबाइल नंबर आणि बुटांपाशी बारीक अक्षरात 'नियम व अटी लागू'.

अख्ख्या बाजारात सांता एकच, सूटही एकच. मग गिऱ्हाइकाने तुमच्याच दुकानाची पायरी का चढावी? दुकानदारहो, त्यापेक्षा येणाऱ्याच्या हातावर खव्याची गरम जिलबी ठेवा. ती जबलपूरची आहे आणि तिला दाढी लावावी लागत नाही.