सातबारा उताऱ्यास खुले पत्र

सातबारा उताऱ्या,

तलाठ्याच्या सज्जापासून बँकेच्या दारापर्यंत तुला मान मिळतोच, तेव्हा नमस्काराची भर घालत नाही. ही फिर्याद आहे.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं झोपली असताना किल्लारीची जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे दहा हजार माणसं गेली. मारलं ते घरांनी. मातीत रचलेल्या काळ्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि माथ्यावर माळवदाच्या मातीचं ओझं, हे सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. गावकुसाबाहेरची कुडाची, पत्र्याची घरं हलकी होती. त्यांतली पुष्कळ माणसं वाचली.

मग पारावरची मंडळी म्हणू लागली, ‘त्यांचं काय गेलं? पत्रे पुन्हा उभे केले की झालं!’ काय गेलं ते सांगतो. ज्या वाड्यावर सालगडी राबत होता, तो वाडाच ढिगारा झाला. मालक गेला, सालाचा ठराव गेला, अडीनडीची उचल गेली. शेतावर बोलावणारंच कुणी उरलं नाही, तर रोजगार कुणाकडे मागायचा? पंचनाम्यात पडलेली भिंत लिहिता येते. बुडालेल्या मजुरीला रकाना नसतो.

आणि मग पुनर्वसनात तुला विचारलं गेलं. पूर्ण उद्ध्वस्त झालेली 52 गावं नव्या जागी बसवायची ठरली आणि कुणाला केवढं घर द्यायचं हे तुझ्यावरच्या हेक्टरांवरून ठरलं. सात हेक्टरांच्या वर जमीन असेल त्याला 750 चौरस फूट, मधल्याला 400, भूमिहीनाला 250. भूकंपानं उतारा मागितला नव्हता रे! घरात खाणारी तोंडं किती, म्हातारं कोण, अंथरुणाला खिळलेलं कोण, हे तू सांगू शकत नाहीस. तरी निवाडा तुझाच.

गुरं, कडबा, धान्याची पोती यांना जागा लागते, असं तुझ्या बाजूनं सांगतात. खरं आहे. मग शेतकऱ्याला गोठ्यासाठी जागा वाढवून द्यायची होती. माणसाला झोपायला लागणारी जागा जमिनीच्या हिशेबानं कमी कशी होते? त्या वेळी रांगणारी पोरं आज लेकुरवाळी आहेत. भिंती तेवढ्याच आहेत. आणि त्याच माणसांना ऐकवलं जातं, ‘तुम्हाला तर सगळं फुकट मिळालं.’ हे बोलणं मला भूकंपाइतकंच क्रूर वाटतं.

तुझ्यावर नाव नाही म्हणजे त्या हातांनी माती कसली नाही, असं नव्हे. दादासाहेब गायकवाडांनी 1964 साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला तो याच हातांसाठी. बीडच्या एकनाथ आवाडांनी मानवी हक्क अभियानातून गायरान कसणाऱ्यांसाठी आयुष्य वेचलं. तरीही मराठवाड्यात कितीतरी दलित कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसतात आणि कागदावर ‘अतिक्रमणदार’ ठरतात.

तू कागद आहेस, सही माणसांची असते. म्हणून शेवटची मागणी तुझ्याकडे नाही, सरकारकडे आहे: त्या 52 गावांत 250 फुटांच्या प्रत्येक घरात आज किती माणसं राहतात हे दारोदार जाऊन मोजा, वाढीव जागा द्या आणि गायरान कसणाऱ्यांची नावं सातबारावर चढवा.