पदरमोड

जुने मराठी कवितासंग्रह हाती आले की मी दुसरं पान आधी बघतो. पहिल्या पानावर कवी असतो. दुसऱ्यावर 'प्रकाशक : सौ. अमुक तमुक', आणि पत्ता दोघांचा एकच. त्या माउलीने कविता वाचल्या असतीलच असं नाही, पण पाटल्या बहुधा तिच्याच गेलेल्या असतात. स्वप्रकाशन हा शब्द आपल्याकडे मागाहून आला, चाल जुनीच.

आता ही पदरमोड पॅकेजमध्ये मिळते. वाराणसीत ब्रह्माघाटाजवळ राहणाऱ्या आमच्या मामांनी काशीतल्या मराठी घराण्यांवर एक जाडजूड बाड लिहून ठेवलं आहे. ते छापायचं ठरल्यापासून त्यांना रोज फोन येतात. सिल्व्हर पॅकेजात अक्षरजुळणी आणि मुखपृष्ठ, गोल्डमध्ये मुद्रितशोधन, प्लॅटिनममध्ये समाजमाध्यमांवर लेखकाचा डंका.

"म्हणजे सिल्व्हरमध्ये चुका तशाच छापणार?" मामांनी विचारलं.

"सर, तुम्ही गोल्डच घ्या," पलीकडची मुलगी अदबीने म्हणाली.

प्रत्येक पॅकेजात ठळक अक्षरांत एक भेट असते : आयएसबीएन मोफत! दिल्लीची राजा राममोहन राय यांच्या नावाची सरकारी संस्था हा क्रमांक कोणालाही फुकटच देते, अगदी मामांनाही. पण दुसऱ्याच्या अंगणातलं फूल आपल्या हाराला लावून विकण्यात वाईट दिसत नाही म्हणतात. किंडलवर मराठी पुस्तक चढवायलाही पैसा पडत नाही. मागणीनुसार छपाईत तर गिऱ्हाईक येईल तेव्हा एकेक प्रत निघते. माळ्यावर गठ्ठे नाहीत, वाळवी नाही, पावसाळ्यात ताडपत्री नाही. मला हे फार आवडलं. मामा मात्र हिरमुसले. गठ्ठे दिसले नाहीत तर पुस्तक निघालं हे गल्लीला कळणार कसं?

म्हणून ते शहरातल्याच एका छापखान्यात गेले. तिथे संस्कृत सराईतपणे जुळवतात, पण मराठीतला ळ हा त्यांना आपलाच हातदोष वाटतो आणि ते तो प्रेमाने दुरुस्त करतात. नमुन्याच्या फर्म्यात काळ्यांचं सगळं घराणं 'काले' होऊन आलं. तेव्हापासून प्रुफं मामी वाचतात. त्या ळ परत आणतात आणि जाता जाता परिच्छेद काढून टाकतात. "ही वंशावळ तिसऱ्यांदा आलीय हो," एवढंच म्हणतात. ही सेवा कोणत्याही पॅकेजात नाही. पैसे दिलेला माणूस ग्राहक होतो, आणि ग्राहकाला 'हे कंटाळवाणं आहे' असं कोण सांगणार?

या बाबतीत एकनाथ महाराज भाग्यवान. परंपरा सांगते की त्यांच्या भागवताचे पहिले अध्याय काशीच्या पंडितांच्या हाती पडले आणि प्राकृतात हे काय चाललंय म्हणून थेट बोलावणं आलं. पैठणचा माणूस काशीला आला, सगळ्यांचा रोष झेलत बसला आणि शके 1495 मध्ये, म्हणजे 1573 साली, ग्रंथ इथेच पुरा केला. अठरा हजारांवर ओव्या! पुढे त्याच पंडितांनी ग्रंथाची मिरवणूक काढली म्हणतात. आधी एवढे कडक परीक्षक आणि नंतर एवढा प्रकाशन समारंभ, दोन्ही विनामूल्य. मामांनी पराडकर भवनाच्या भाड्याची नुसती चौकशी केली आणि चहाचा आकडा ऐकून परत आले.

छापखान्याच्या काळात काशीच्या लेखकांनी खिसे मोकळे करण्यात हयगय केली नाही. भारतेंदु हरिश्चंद्रांनी घरची सावकारी मासिकं, नाटकं आणि मित्रमंडळी यांत उडवली. उलट देवकीनंदन खत्री हे जंगलांचे ठेके घेणारे गृहस्थ. त्याच जंगलांतून त्यांनी 'चंद्रकांता' आणली, आणि 1898 मध्ये स्वतःचा लहरी प्रेस काढला. लेखकाच्या छापखान्याला याहून खरं नाव सुचणं कठीण. तो चाललाही. पण खत्री एखादाच.

माझा जीव अडकतो तो प्रेमचंदांत. 1923 साली त्यांनी बनारसला सरस्वती प्रेस घातला. बाकीची पॅकेजं नुसती जाहिरातीत प्लॅटिनम असतात. हे खरोखर सगळं घरचं होतं : लेखक, खिळे, यंत्र, कामगार आणि तोटा. 1930 मध्ये त्यांनी 'हंस' मासिक सुरू केलं, तेव्हा तोट्याला सोबत मिळाली. देणी एवढी वाढली की 1934 साली ते मुंबईला अजंता सिनेटोनसाठी कथा लिहायला गेले, वर्षाला आठ हजारांच्या बोलीवर. तिथे त्यांनी गिरणी कामगारांवरचा 'मजदूर' लिहिला. सांगतात की त्याने स्फूर्ती घेऊन त्यांच्याच प्रेसमधल्या कामगारांनी थकलेल्या पगारासाठी संप केला. लेखक प्रेमचंद जिंकले, प्रकाशक प्रेमचंद हरले, आणि दोघांना धोतर एकच! पुढल्या वर्षी ते बनारसला परत आले.

ही गोष्ट मी मामांना सांगितली. वाटलं, जरा सावरतील. त्यांनी शांतपणे पानाचा विडा गालात सरकवला आणि विचारलं, "म्हणजे सिनेमावाल्यांकडूनही पैसे मिळतात?"

शेवटी शंभर प्रतींवर तडजोड झाली आहे. त्यातही एक कलम निघालं. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने नव्या पुस्तकाची एकेक प्रत स्वखर्चाने कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना पाठवायची असते. हे टाळलं तर दंड, फार तर पन्नास रुपये आणि पुस्तकाची किंमत. टपालखर्च आणि दंड यांची बेरीज-वजाबाकी मी कागदावर मांडून दाखवली. मामांनी कागद बाजूला सारला.

"चार प्रती खपल्या म्हणायच्या," ते मामींना म्हणाले. "आता शहाण्णवांचं बघू."